दुखावलेला मान आणि त्याची क्रियापदे : इंग्रजी-मराठी अर्थांतरणाचा एक विचार

१. प्रास्ताविक

इंग्रजी कथा-कादंबरीत एखादे पात्र दुसऱ्याच्या बोलण्याने दुखावते तेव्हा लेखक 'ते रागावले' असे सरळ क्वचितच लिहितो. तो 'ब्रायडल', 'ब्रिसल', 'हफ', 'फ्लाउन्स', 'सल्क', 'फ्यूम', 'सीद', 'रिझेन्ट', 'टेक अम्ब्रेज' अशा क्रियापदांमधून एकाची निवड करतो. मराठी माध्यमातून आलेला विद्यार्थी मात्र शब्दकोश उघडतो आणि बहुतेक ठिकाणी 'रागावणे', 'राग येणे', 'चिडणे' हेच दोन-तीन पर्याय वहीत उतरवून घेतो. उतारा समजल्यासारखा वाटतो. परंतु नऊ क्रियापदांचे एकच क्रियापद झालेले असते, आणि लेखकाने त्या निवडीतून जे सांगितले होते ते गळून गेलेले असते.

पुण्याच्या दक्षिण भागातील बिबवेवाडीसारख्या उपनगरात हा प्रश्न रोजचा आहे. एका बाजूस मार्केट यार्डाचा व्यापारी परिसर आणि दुसऱ्या बाजूस अप्पर इंदिरानगरच्या डोंगरउतारावरील वस्त्या अशा या भागातील वर्गात मराठी शाळेतून आलेला विद्यार्थी असतो, तसाच घरी मारवाडी, गुजराती, कन्नड अथवा हिंदी बोलणाराही असतो. त्यांच्यापाशी रागाचे शब्द कमी नसतात. त्यांच्याजवळचा शब्द आणि पुस्तकातील शब्द यांची योग्य गाठ घालून देणारे कोणी नसते, हीच खरी अडचण आहे.

प्रस्तुत लेखात अभिमान दुखावल्यावर होणाऱ्या प्रतिक्रियेची इंग्रजी क्रियापदे आणि त्यांच्या जवळ जाणारी मराठी क्रियापदे यांचा तौलनिक विचार केला आहे. ही क्रियापदे केवळ भावना सांगत नाहीत. दुखावलेल्या व्यक्तीची बाजू न्याय्य आहे की नाही याविषयी बोलणाऱ्याचा कौलही ती सांगतात. अर्थांतरण करताना हा कौल सांभाळला नाही, तर शब्द बरोबर येऊनही अर्थ चुकतो, असे येथे प्रतिपादन केले आहे.

२. साधा राग आणि अवमानातून उपजलेला राग

प्रत्येक राग अभिमानातून येत नाही. पाय घसरला, बस चुकली, वीज गेली तरी माणूस वैतागतो. परंतु 'मला कमी लेखले' या जाणिवेतून येणारा राग वेगळा. ग्रीक तत्त्वज्ञ अ‍ॅरिस्टॉटल याने आपल्या वक्तृत्वशास्त्रविषयक ग्रंथात क्रोधाची व्याख्या करताना हीच जाणीव मध्यवर्ती मानली आहे. ज्यांना आपला उपमर्द करण्याचा अधिकार नाही अशांनी उघडपणे केलेला उपमर्द आणि त्यामुळे होणाऱ्या वेदनेसह निर्माण होणारी प्रतिशोधाची इच्छा, असे त्याच्या विवेचनाचे सार आहे. उपमर्दाचे तुच्छता, खोडसाळपणा आणि उद्दाम मानहानी असे तीन प्रकारही तो सांगतो.

भारतीय परंपरेत याच भावनेला स्वतंत्र नाव आहे. भरताच्या नाट्यशास्त्रात सांगितलेल्या तेहतीस व्यभिचारी भावांपैकी 'अमर्ष' हा एक होय. विद्या, ऐश्वर्य, शौर्य किंवा बळ यांनी वरचढ असलेल्यांनी अधिक्षेप वा अवमान केला असता जो भाव उत्पन्न होतो तो अमर्ष. रौद्र रसाचा स्थायी भाव असलेल्या क्रोधापासून तो वेगळा मोजलेला आहे, हे लक्षणीय आहे. त्याच्या अभिनयात डोके हलवणे, घाम येणे, मान खाली घालून विचार करणे, उपाय शोधणे आणि साहाय्य शोधणे अशा क्रिया सांगितल्या आहेत. वरचढाकडून झालेला अपमान लगेच फेडता येत नाही. म्हणून अमर्षातील माणूस आत वळतो, विचार करतो, उपाय शोधतो. सामाजिक स्थान आणि शारीर आविष्कार यांची ही सांगड पुढील विवेचनात उपयोगी पडेल.

मराठीतील 'राग' या शब्दाचा प्रवासही येथे ध्यानात घ्यावा. संस्कृतात 'रञ्ज्' या धातूपासून आलेल्या 'राग' शब्दाचा अर्थ रंग, आसक्ती, अनुराग असा आहे. मराठीने त्याला क्रोधाचा अर्थ दिला. संगीतातील राग आणि 'अनुराग' यांत मात्र जुना अर्थ टिकून राहिला.

३. इंग्रजी क्रियापदांची घडण

या क्रियापदांची मूळ चित्रे पाहिली की त्यांचे चार गट सहज पडतात.

पहिला गट प्राण्याच्या शरीराचा. 'ब्रायडल' हे नाम म्हणून घोड्याच्या तोंडावर चढवायचा लगामाचा साज होय. लगाम खेचला असता घोडा मान वर करतो आणि हनुवटी आत ओढतो; त्यावरून एखाद्या बोलण्यावर मान ताठ करून नाराजी दाखवणे असा क्रियापदाचा अर्थ झाला. 'ब्रिसल' म्हणजे रानडुकराचे वा कुत्र्याचे राठ केस. ते उभे राहतात तसा माणूस सावध आणि आक्रमक होतो. 'हफ'मध्ये जोराने बाहेर सोडलेल्या श्वासाचा आवाजच आहे. 'फ्लाउन्स'मध्ये अंगाला हिसका देत, इतरांना दिसेल अशा बेताने निघून जाणे आहे. या साऱ्यांत राग शब्दांआधी शरीरावर दिसतो.

दुसरा गट टोचण्याचा आणि जखमेचा. 'पीक' हे फ्रेंच भाषेतील टोचणे या अर्थाच्या क्रियापदावरून आले. 'नेटल' ही अंगाला लागताच आग करणारी वनस्पती. तिच्यावरून खोचक बोलण्याने चिडवणे असा अर्थ आला. 'रँकल' या शब्दाचा माग लॅटिनमधील 'छोटा सर्प' या अर्थाच्या शब्दापर्यंत जातो; मधल्या टप्प्यावर त्याचा अर्थ चिघळलेला फोड असा होता. जुना अपमान आत ठसठसत राहणे हा त्याचा आजचा अर्थ. 'मॉर्टिफाय'चे मूळ मृत्युवाचक लॅटिन शब्दात आहे. धार्मिक संदर्भात त्याचा अर्थ देहदमन असा होता, आणि पुढे 'मेल्याहून मेल्यासारखे करणे' या अर्थी तो रूढ झाला. जेन ऑस्टिन यांच्या १८१३ साली प्रसिद्ध झालेल्या 'प्राइड अँड प्रेज्युडिस' या कादंबरीत डार्सीच्या उद्गाराने एलिझाबेथ दुखावते, तेव्हा तिच्या तोंडी हेच क्रियापद येते. तिचा आक्षेप डार्सीच्या गर्वापेक्षा आपल्या अभिमानाला त्याने लावलेल्या धक्क्यावर आहे. तेथे 'रागावणे' लिहिले, तर कादंबरीच्या शीर्षकाशी असलेला धागाच तुटतो.

तिसरा गट उष्णतेचा. 'सीद' म्हणजे मुळात उकळणे, 'फ्यूम' म्हणजे धूर सोडणे. दोन्हींमध्ये राग आत कोंडलेला आहे. तो अजून कृतीत उतरलेला नाही.

चौथा गट मनाच्या निवाड्याचा. 'रिझेन्ट' हे 'पुन्हा किंवा तीव्रतेने जाणवणे' या फ्रेंच अर्थावरून आले. सतराव्या शतकातील इंग्रजीत ते अनुकूल भावनेसाठीही वापरले जाई. आज त्यात अन्याय झाल्याची जाणीव गृहीत असते. जोसेफ बटलर या धर्मोपदेशकाने १७२६ साली प्रसिद्ध केलेल्या प्रवचनांत अचानक उसळणारा राग आणि अन्यायाची जाणीव ठेवून टिकणारा रोष यांत भेद केला होता. 'टेक अम्ब्रेज' मधील 'अम्ब्रेज'चे मूळ लॅटिनमधील सावलीवाचक शब्दात आहे. आजच्या वापरात या वाक्प्रयोगाला बहुधा एक छटा असते : कारण तितकेसे मोठे नव्हते, माणसाने ते मोठे मानले.

'रिझेन्ट' आणि 'टेक अम्ब्रेज' यांतील हा फरक संपूर्ण विषयाची किल्ली आहे. दोन्ही ठिकाणी माणूस दुखावलेलाच आहे. परंतु पहिल्यात बोलणारा त्याच्या दुखावण्याला कारण असल्याचे मान्य करतो, दुसऱ्यात ते कारण किंचित बाजूला सारतो.

४. शब्दशः अनुवादातील सापळे

मूळ चित्र समजले की ते तसेच मराठीत आणावे असा मोह होतो. येथे सावधगिरी हवी. 'ब्रिसल'चे 'अंगावर केस उभे राहणे' असे भाषांतर केले, तर मराठी वाचकाला भय वाटले असे समजेल. 'अंगावर काटा येणे' म्हटले, तर भय किंवा रोमांच. रागाचा अर्थ दोहोंतही येत नाही. त्याऐवजी 'तो एकदम ताठरला', 'तो फिस्कारला' किंवा प्रसंग तसा असल्यास 'अंगावर आला' हे अधिक योग्य. 'पीक' क्रियापद कुतूहलाच्या संदर्भात आले, तर ते 'चाळवणे' होईल. अभिमानाच्या संदर्भात मात्र 'डिवचणे' हा नेमका शब्द आहे, कारण त्यातही टोचण्याचीच क्रिया आहे.

काही ठिकाणी दोन भाषांची चित्रे आपोआप जुळतात. 'नेटल'ला मराठीत त्या वनस्पतीच्या नावाने क्रियापद नाही. परंतु मिरची, चुना, बोचरे शब्द या सर्वांसाठी 'झोंबणे' हे क्रियापद आहे. बिबवेवाडी हे नाव ऐकताच मराठी माणसाला बिबव्याचे झाड आठवते, आणि बिब्बा अंगावर उतला की काय होते हेही आठवते. तथापि 'बिब्बा घालणे' या वाक्प्रचाराचा अर्थ चांगल्या कामात मोडता घालणे असा आहे. रागाशी त्याचा संबंध नाही. चित्र सारखे म्हणून अर्थ सारखा असे गृहीत धरता येत नाही, याचे हे घरचे उदाहरण आहे. 'रँकल'ला 'सलणे' हा फार जवळचा शब्द आहे. 'सल' हा 'शल्य' या संस्कृत शब्दापासून आला. शल्य म्हणजे अंगात रुतून राहिलेले बाणाचे टोक. 'फ्यूम'ला 'धुमसणे' आणि 'सीद'ला 'खदखदणे' हे पर्यायही चित्रासकट जुळतात.

'ब्रायडल'च्या बाबतीत मराठीत एक वेगळाच योग आहे. गळ्यामागची 'मान' आणि प्रतिष्ठा या अर्थाचा 'मान' हे दोन शब्द उच्चाराने एकच आहेत. पहिला 'मन्या' या संस्कृत शब्दापासून आलेला आणि स्त्रीलिंगी, दुसरा संस्कृत 'मान' आणि पुल्लिंगी. 'मान गेली' आणि 'मान गेला' यांत केवळ लिंगामुळे दोन भिन्न दुर्घटना घडतात. व्युत्पत्तीने वेगळे असले तरी 'मान ताठ ठेवणे', 'मान तुकवणे', 'मान खाली घालणे' या वाक्प्रचारांत दोन्ही अर्थ एकमेकांत मिसळलेले जाणवतात. लगाम खेचलेल्या घोड्याची वर गेलेली मान आणि नाट्यशास्त्रातील अमर्षाची खाली गेलेली मान या दोन टोकांच्या मध्ये दुखावलेल्या माणसाची सारी देहबोली सामावते. म्हणून 'शी ब्रायडल्ड' या छोट्या वाक्याचे 'तिने मानेला झटका दिला' असे मराठी करता येते. राग वेगळा सांगावा लागत नाही.

५. मराठी क्रियापदे आणि नात्याची चौकट

मराठीतही प्राण्यांवरून आणि अग्नीवरून आलेली क्रियापदे विपुल आहेत. 'बिथरणे' आणि 'उधळणे' हे घोड्या-बैलांचे, 'पिसाळणे' हे कुत्र्याचे, 'चवताळणे' हे वाघाचे वा डिवचलेल्या जनावराचे, 'भडकणे' हे आगीचे. परंतु मराठीचे खरे वैशिष्ट्य यांपेक्षा निराळे आहे. मराठीतील काही महत्त्वाची क्रियापदे रागाचे प्रमाण सांगण्याऐवजी रागावणारा आणि ज्याच्यावर राग आहे तो यांचे नाते सांगतात.

'आई मुलावर रागावली' आणि 'आई मुलाला रागावली' या वाक्यांत केवळ प्रत्ययाचा फरक दिसतो. पहिल्यात भावना आहे, दुसऱ्यात बोल लावण्याची कृती आहे. आणि ही कृती वरून खाली होते. 'प्राध्यापक विद्यार्थ्याला रागावले' हे वाक्य स्वाभाविक वाटते; 'विद्यार्थी प्राध्यापकांना रागावला' हे कानाला खटकते. येथे व्याकरणच अधिकाराची उतरंड सांगते.

'रुसणे' याहून विलक्षण आहे. संस्कृत 'रुष्' धातूशी त्याचे नाते आहे. परंतु रोष आणि रुसवा यांत मोठे अंतर पडले आहे. अनोळखी माणसावर रुसता येत नाही, शत्रूवरही रुसता येत नाही. ज्याने आपली समजूत काढावी अशी अपेक्षा आहे त्याच्यावरच माणूस रुसतो. पाऊस रुसला, नशीब रुसले, लक्ष्मी रुसली असे म्हणताना त्यांच्याशीही कृपेचे नाते असल्याचे आपण गृहीत धरतो. म्हणूनच या क्रियापदाच्या जोडीला दुसऱ्या बाजूची क्रियापदेही आली : समजूत काढणे, मनधरणी करणे, रुसवा काढणे, नाकदुऱ्या काढणे. इंग्रजी 'सल्क' या क्रियापदाला अशी जोड नाही. 'सल्क' करणारा माणूस एकटा असतो आणि निवेदक त्याला बहुधा पोरकट ठरवतो. रुसणाऱ्याची मात्र कोणीतरी वाट पाहत असते.

महाराष्ट्राच्या धार्मिक कल्पनेत या क्रियापदाला मोठे स्थान आहे. पंढरपूरच्या परंपरेनुसार रुक्मिणी रुसून द्वारकेहून दिंडीरवनात आली आणि तिला शोधत देव येथे आला. पंढरपुरात विठ्ठल आणि रुक्मिणी यांची गर्भगृहे वेगवेगळी आहेत, याचा संबंधही लोकमानस या रुसव्याशी जोडते. विवाहातील मानपान हेही याच क्रियापदाचे क्षेत्र. विहीण रुसते, जावई रुसतो, आणि कोणाचा मान कोठे राहिला याचा शोध घेऊन तो भरून दिला जातो. हा रुसवा अनेकदा मुलीकडच्यांवर दडपण आणण्याचे साधन झालेला आहे, हेही विसरता येणार नाही. नाते जपणारे क्रियापद नात्याचा वापरही करू शकते.

साहित्यशास्त्राने ही रचना आधीच ओळखली होती. शृंगाराच्या विवेचनात 'मान' ही पारिभाषिक संज्ञा असून प्रणयमान आणि ईर्ष्यामान असे तिचे भेद केले आहेत. मान दूर करण्याचे साम, भेद, दान, नती, उपेक्षा आणि रसांतर असे सहा उपायही सांगितले आहेत. कृ. प्र. खाडिलकर यांच्या १९११ साली रंगभूमीवर आलेल्या 'संगीत मानापमान' या नाटकाचे शीर्षक या परंपरेशी आणि सामाजिक प्रतिष्ठेच्या प्रश्नाशी एकाच वेळी बोलते. गरीब परंतु शूर धैर्यधराचा श्रीमंतीच्या तोऱ्यातील भामिनी अपमान करते आणि पुढे वनमालेच्या रूपात त्याच्याजवळ येते. अमरकोशात 'भामिनी' हा शब्द कोपिष्ट स्त्रीसाठी दिलेला आहे, हे ध्यानात घेतले म्हणजे पात्राच्या नावातील औचित्य कळते. या नाटकातील संघर्ष 'रागावणे' या एका क्रियापदात मावणारा नाही. धैर्यधराचा अमर्ष आणि भामिनीचा तोरा या दोन भिन्न वस्तू आहेत.

'त्रागा' हा आणखी एक शब्द येथे नोंदवला पाहिजे. गुजरात-काठेवाडातील भाट-चारणांमध्ये समोरच्याने शब्द मोडल्यास स्वतःच्याच शरीराला इजा करून घेण्याची आणि त्याचे पाप त्याच्या माथी घालण्याची प्रथा होती; तिला हेच नाव होते. आजच्या मराठीत रक्तपात उरला नाही, परंतु स्वतःला त्रास करून घेऊन दुसऱ्याला दोषी ठरवण्याचा अर्थ 'त्रागा करणे' या प्रयोगात शिल्लक आहे. इंग्रजीतील कोणतेही एक क्रियापद हा अर्थ पेलू शकत नाही.

६. 'लागणे' आणि 'लावून घेणे'

मराठीत कौल देणारी क्रियापदे नाहीत काय? आहेत, आणि ती फार साधी आहेत. 'त्याचे शब्द तिला लागले' असे म्हटले की बाण सोडणारा जबाबदार ठरतो. 'तिने ते मनाला लावून घेतले' असे म्हटले की जबाबदारी तिच्याकडे सरकते. घटना तीच, शब्दही तेच. 'लागणे' या अकर्मक क्रियापदाऐवजी 'लावणे' हे प्रयोजक रूप आणि त्यापुढे 'घेणे' हे सहायक क्रियापद आले, इतकेच. 'वाईट वाटले' आणि 'वाईट वाटून घेतले', 'अपमान झाला' आणि 'अपमान मानला' या जोड्याही तशाच.

'रिझेन्ट' आणि 'टेक अम्ब्रेज' यांतील ज्या भेदासाठी इंग्रजीला दोन निराळे शब्द लागतात, तो मराठी क्रियापदांच्या रूपांतून साधते. 'राग मानू नका' या रोजच्या विनवणीतही हेच तत्त्व आहे : राग येणे तुमच्या हाती नसेल, तो मानणे न मानणे तुमच्या हाती आहे. हा पर्याय शब्दकोशात सहसा सापडत नाही, कारण कोश शब्दाला शब्द देतो आणि येथे अर्थ रचनेत आहे. मोल्सवर्थ यांनी आरंभिलेला आणि पुण्याच्या संस्कृत पाठशाळेचे अधीक्षक राहिलेल्या मेजर कँडी यांनी पूर्ण केलेला इंग्रजी-मराठी कोश १८४७ साली निघाला. तेव्हापासून द्वैभाषिक कोशांची परंपरा समृद्ध होत गेली आहे. परंतु अशा रचना शिकवण्याचे काम कोशाचे नसून अध्यापकाचे आहे.

न्याय्य कारणाने आलेल्या संतापासाठी मराठीने 'सात्त्विक संताप' अशी जोडसंज्ञा रूढ केली. इंग्रजीतील 'इंडिग्नंट' या विशेषणाचे मूळ 'अनुचित' या अर्थाच्या लॅटिन शब्दात आहे. अनुचित ते पाहून येणारा राग, असा त्याचा भाव. दोन्ही भाषांना रागाला न्यायाची जोड देण्याची गरज वाटली, हे यावरून दिसते.

७. कोणाचा राग, कोणाचे क्रियापद

क्रियापदात कौल असतो असे मान्य केले की पुढचा प्रश्न टळत नाही : अनुकूल कौल कोणाला मिळतो? पुरुष 'संतापतो', स्त्री 'फणकारते'. साहेब 'भडकतात', शिपाई 'उर्मटपणा करतो'. मोठा माणूस 'नाराज' होतो, लहान 'कुरकुरतो'. प्रसंग सारखा असला तरी क्रियापद बदलते आणि त्याबरोबर एकाचा राग वजनदार, दुसऱ्याचा क्षुल्लक ठरतो. इंग्रजीतही 'फ्लाउन्स' हे क्रियापद बहुतकरून स्त्रीसाठी, 'सल्क' हे मुलांसाठी आणि मुलांसारख्या वागणाऱ्यांसाठी येते.

फर्ग्युसन महाविद्यालयातील इंग्रजीचे प्राध्यापक वासुदेव बाळकृष्ण केळकर यांनी शेक्सपिअरच्या 'द टेमिंग ऑफ द श्रू' या नाटकाचे मराठी रूपांतर केले. त्यांनी त्याला 'त्राटिका' हे नाव दिले. कजाग स्त्रीसाठी रामायणातील राक्षसीचे नाव निवडताना रूपांतरकाराने मराठी भाषेतील रूढ कौलच वापरला. नायिका का चिडते हे समजण्यापूर्वीच प्रेक्षकाला तिचा राग हास्यास्पद आणि राक्षसी वाटावा, अशी व्यवस्था शीर्षकानेच केली. नाटकाच्या लोकप्रियतेचा तो एक भाग होता. परंतु आज ते वर्गात शिकवताना शीर्षकाचा हा कौल विद्यार्थ्यांसमोर उघड करून ठेवणे आवश्यक आहे.

सामाजिक अपमानाच्या बाबतीत तर हा प्रश्न अधिक गंभीर होतो. डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी १९२० साली 'मूकनायक' आणि १९२७ साली 'बहिष्कृत भारत' ही पत्रे सुरू केली. त्याच १९२७ साली मार्च महिन्यात महाडला चवदार तळ्याचा सत्याग्रह झाला आणि २५ डिसेंबर रोजी मनुस्मृतीचे दहन झाले. पिढ्यान्‌पिढ्यांच्या अवमानाला दिलेले हे विचारपूर्वक उत्तर होते. त्याला 'भावना दुखावल्या म्हणून चिडले' असे म्हणणे म्हणजे 'लागणे' या जागी 'लावून घेणे' घालणे होय. इतिहासाच्या पाठ्यपुस्तकात, वृत्तपत्रात किंवा भाषांतरात असे एक क्रियापद सहज निसटते, आणि ते अन्यायाचे रूपांतर नाजूकपणात करते.

८. साक्षीतील क्रियापद

साहित्याबाहेर हा भेद किती महत्त्वाचा आहे याचे उदाहरण कायद्यात सापडते. शांतताभंग घडावा या हेतूने केलेला उद्देशपूर्वक अपमान हा भारतीय दंड संहितेच्या कलम ५०४ खाली गुन्हा होता. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत तो कलम ३५२ मध्ये आहे. तसेच गंभीर आणि आकस्मिक प्रक्षोभामुळे आत्मसंयम सुटून घडलेला मृत्यू हा काही अटींवर खून ठरत नाही, हा जुन्या कलम ३०० मधील अपवाद नव्या संहितेच्या कलम १०१ मध्ये कायम आहे.

मुंबईतील नौदल अधिकारी नानावटी यांच्या खटल्यात हाच मुद्दा कळीचा होता. १९५९ साली घडलेल्या घटनेवर सर्वोच्च न्यायालयाने २४ नोव्हेंबर १९६१ रोजी निकाल दिला. शब्द आणि हावभाव यांनीही काही परिस्थितीत गंभीर प्रक्षोभ होऊ शकतो, आणि आरोपीच्याच सामाजिक वर्गातील विवेकी माणसाचा संयम अशा वेळी सुटला असता काय हे पाहिले पाहिजे, असे तत्त्व न्यायालयाने मांडले. परंतु घर सोडल्यापासून गोळ्या झाडेपर्यंत सुमारे तीन तासांचा अवधी गेला होता; तेवढ्यात संयम परत येण्यास पुरेसा वेळ होता, असे ठरवून बचाव फेटाळण्यात आला. मराठीत सांगायचे तर 'भडकणे' आणि 'धुमसणे' यांतील अंतर येथे निर्णायक ठरले.

महाराष्ट्रातील जिल्हा व त्याखालील न्यायालयांत साक्षीदार मराठीतून बोलतो. प्रकरण उच्च न्यायालयात गेले की त्याच्या साक्षीचे इंग्रजी भाषांतर वाचले जाते. 'तो उखडला', 'तो मनात धरून होता', 'त्याला ते झोंबले', 'तो तडकला' या चारही वाक्यांचे 'तो रागावला' या अर्थाचे एकच इंग्रजी वाक्य झाले, तर न्यायाधीशासमोर काळाचा आणि कारणाचा पुरावाच पोहोचत नाही. असा भाषांतरकार महाविद्यालयाच्या वर्गातूनच तयार होतो. या दृष्टीने हा विषय केवळ शब्दसंग्रहाचा राहत नाही.

९. अध्यापनासाठी चार प्रश्न

वर्गात या क्रियापदांची यादी पाठ करून घेण्यापेक्षा प्रत्येक वेळी चार प्रश्न विचारणे फलदायी ठरेल. पहिला : राग शरीरावर दिसतो की आत राहतो? दुसरा : तो क्षणाचा आहे की टिकणारा? तिसरा : दुखावणारा आणि दुखावलेला यांचे नाते व स्थान काय? चौथा आणि सर्वांत महत्त्वाचा : निवेदक दुखावलेल्याच्या बाजूचा आहे काय?

'ब्रायडल'ला हे प्रश्न विचारले, तर उत्तरे अशी येतात : शरीरावर दिसतो; क्षणाचा; बहुधा समान किंवा वरचढ स्थानाची जाणीव असलेली व्यक्ती; निवेदक किंचित अंतर राखून. 'रँकल'ची उत्तरे याच्या उलट : आत, दीर्घकाळ, स्थान कोणतेही, निवेदक बहुधा सहानुभूतीने. आता 'तिने मानेला झटका दिला' आणि 'ते त्याला वर्षानुवर्षे सलत राहिले' ही वाक्ये विद्यार्थी स्वतःच शोधून काढू शकतो. हाच व्यायाम उलट दिशेनेही करावा. 'रुसणे' इंग्रजीत नेताना एक शब्द पुरत नाही, हे कळले की विद्यार्थ्याला आपली भाषा उणी नाही हेही कळते. घरी वेगळी भाषा बोलणाऱ्या विद्यार्थ्यांना त्यांच्या भाषेतील जोडीचा शब्द विचारावा. वर्गाच्या वैविध्याचा तो उत्तम उपयोग आहे.

१०. समारोप

अभिमान दुखावल्यावरची क्रियापदे दोन भाषांत दोन वेगळ्या तत्त्वांवर उभी आहेत. इंग्रजीने घोड्याची मान, रानडुकराचे केस, काटा, फोड आणि धूर यांतून रागाचा आविष्कार टिपला. मराठीने त्यांपैकी बरेच टिपलेच. शिवाय प्रत्ययांतून आणि सहायक क्रियापदांतून नाते व जबाबदारीही नोंदवली. कोशातील 'रागावणे' या एका शब्दावर थांबणारा विद्यार्थी दोन्ही भाषांच्या या सामर्थ्याला मुकतो.

माणूस दुखावला हे सांगणे सोपे आहे. त्याला ते लागले की त्याने ते लावून घेतले, हे ठरवताना मात्र बोलणारा न्यायाधीशाच्या जागी बसलेला असतो. भाषांतरकार, पत्रकार, वकील, अध्यापक या साऱ्यांना दिवसातून अनेकदा या जागी बसावे लागते. तेथे बसताना आपण कोणते क्रियापद उचलतो आहोत याचे भान विद्यार्थ्याला देणे, हे भाषेच्या अध्यापकाचे काम आहे.